डॉकच्या विरोधात आर्लीन

आर्लीन टॉफ्ट शाळा मंडळाच्या निवडणुकीला का उभी राहिली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तिच्या दुकानात तिच्या शेजारच्या खुर्चीमागं उभी राहून मी कित्येक वर्षं लोकांचे केस कापते आहे, तरी सांगता येत नाही. तिला विचारलं तर तीही दर वेळी वेगळं कारण देते.

घडलं ते एवढंच. आमच्या ॲल्डर फॉल्सच्या मंडळाकडे दोन प्राथमिक शाळा. एक गावातली मोठी. दुसरी टॅमरॅक कॉर्नर्सची, जंगलाच्या कडेला, विटांची, चार खोल्यांची. तिथली पोरं कमी होत गेली, छप्पर गळायला लागलं, तेव्हा ती बंद करून पोरांना बसनं गावात आणायचं असं मंडळाच्या मनात आलं. डिसेंबरच्या सभेत पहिला कौल झाला, तो बंद करण्याच्या बाजूनं. पक्का ठराव निवडणुकीनंतर नव्या मंडळानं करायचा होता.

आर्लीन टॅमरॅकच्याच शाळेत शिकलेली. ती सभेत कधी बोलत नाही, पण त्या दिवशी उठली आणि तिनं विचारलं, शाळेमागच्या उतारावर पोरं हिवाळ्यात घसरत खेळतात, तो उतार आता कोणाचा होणार? लोक हसले. ती थट्टा करत नव्हती, पण हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आर्लीन, तूच उभी राहा की." त्यावर टाळ्या पडल्या. मंडळाच्या टेबलाशी बसलेल्या डॉकनंही टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटतं तिला लागलं असेल तर तेच लागलं.

डॉक म्हणजे लेलँड प्रोहास्का. गुरांचा डॉक्टर. आमच्या भागातल्या निम्म्या गाईंची अडलेली वासरं त्याच्याच हातून बाहेर आली. धंदा सोडून बरीच वर्षं झाली, तरी लहानथोर सगळे त्याला डॉकच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. वीस वर्षं तो मंडळावर होता आणि त्याच्याविरुद्ध उभं राहायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आर्लीनच्याही आलं नव्हतं. जानेवारीत ती मंडळाच्या कचेरीत नाव द्यायला गेली ती कुठल्यातरी रिकाम्या जागेसाठी. तिथल्या बाई म्हणाल्या, या वर्षी एकच जागा आहे, डॉकची. तोवर पेन तिच्या हातात होतं.

"मग परत का नाही फिरलीस?" मी विचारलं.

"मागं दोन माणसं उभी होती," ती म्हणाली. "त्यांचा खोळंबा होत होता."

आता यातला घोळ असा, की डॉकची बायको बर्नाडीन दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे केस धुवून रोलर लावून घ्यायला येते. आर्लीनच्याच हातून. आर्लीन शिकाऊ होती तेव्हापासून. नाव दिल्यानंतरच्या गुरुवारी तिची गाडी बाहेर थांबली तेव्हा आर्लीन मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालायला निघून गेली, आणि मला तिला हाताला धरून आणावं लागलं. बर्नाडीन कोट काढून खुर्चीत बसली. केस धुतले, रोलर लागले, ड्रायर झाला. जाताना ती एवढंच म्हणाली, की कानामागं आज जरा सैल झालंय. दुसरं काही नाही. ते काय होतं, राग की क्षमा, यावर आम्ही दोघींनी दुपारभर डोकं लढवलं.

मग लोक यायला लागले. केस कापायला कमी आणि बोलायला जास्त. गॉर्डी श्मिट आला. त्याचं म्हणणं, फुटबॉलचा संघ शेजारच्या गावाबरोबर एक करायचं चाललंय ते आर्लीननं थांबवावं. एक तरुण आई आली, तिला शाळेच्या ग्रंथालयातली काही पुस्तकं काढून टाकायला हवी होती. त्याच दिवशी दुसरी आली, तिला नेमकी तीच पुस्तकं ठेवायला हवी होती. एका निवृत्त मास्तरीणबाईंना वर्गात फोनवर बंदी हवी होती. जाताना प्रत्येक जण आर्लीनच्या नावाची प्रचाराची पाटी अंगणात रोवायला घेऊन गेला. एका सकाळी मी कामावर येताना पाहिलं तर जेन्सन आणि त्याचा शेजारी, जे कुंपणावरून भांडून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्या दोघांच्याही बर्फात आर्लीनची पाटी उभी.

तिला हे सांगितलं तर ती घाबरली.

"मी यांना काय सांगितलं?"

"काही नाही. तू 'हूं' म्हणालीस."

"ते मी सगळ्यांनाच म्हणते. माझ्या तोंडात पिना असतात."

"आता त्यांना कळायला नको का, पिना होत्या ते?"

ती हसली नाही. कर्ट, तिचा नवरा, ट्रक चालवतो. तो घरी आला की तिला विचारायचा, तू नक्की कशासाठी उभी आहेस ते मला एका वाक्यात सांग, म्हणजे मलाही वाटेत लोकांना सांगता येईल. ती टॅमरॅकची शाळा म्हणायची. तो म्हणायचा, बरं, शाळेचं काय? तिथं ती अडायची. शाळा राहावी असं तिला वाटत होतं, पण का वाटतं ते सांगायला गेलं की फक्त आपलं लहानपण आठवायचं, आणि लहानपण आठवतं म्हणून छप्पर दुरुस्त करा असं कुणाला कसं सांगणार?

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी मागं बेसिन घासत होते. रोलर लावता लावता बर्नाडीननं आरशातूनच आर्लीनकडे बघितलं.

"तुला एक मागायचंय," ती म्हणाली. "डॉकला जिंकू दे."

आर्लीनचा हात थांबला.

"सभेच्या दिवशी तो दाढी करतो," बर्नाडीन म्हणाली. "बाकीचे दिवस करत नाही. खिडकीशी बसतो आणि पाखरं येतात ती बघतो. पाखरं गेली तरी बघत राहतो. सभेचा दिवस आला की मी शर्टाला इस्त्री करते, टाय काढून ठेवते, आणि मग मला माझा नवरा दिसतो. ही खुर्ची गेली तर काय राहील, तूच सांग. तू हरलीस तर तुझं काय जाणार आहे पोरी? तुला दुकान आहे, कर्ट आहे."

आणि हे डॉकला कळता कामा नये, असंही ती म्हणाली.

आर्लीन म्हणाली, "हूं." तोंडात पिना होत्या.

ती गेल्यावर आर्लीन तिच्या खुर्चीत जाऊन बसली. मी म्हटलं, नाव मागं घे. आता घेता येत नाही, म्हणाली. मतपत्रिका छापायला गेल्या. मग नुसती गप्प राहा, मी म्हटलं, आपोआप हरशील. तिनं मान हलवली, आणि मला वाटलं, चला, सुटला गुंता.

पुढच्याच शुक्रवारी ती आणि कर्ट तळ्याकाठच्या हॉटेलात मासे खायला गेले. शुक्रवारी सगळं गावच तिथं असतं. कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी डॉकनं तिला गाठलं आणि म्हणाला, जरा बाहेर ये, माझ्या गाडीचं चाक बघ, हवा कमी वाटते का. तिला चाकांतलं काही कळत नाही, पण ती गेली. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. डॉकनं चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आर्लीन, मला पाड," तो म्हणाला.

तिला वाटलं तो चिडून बोलतोय. तो चिडलेला नव्हता.

"मी थकलोय. मागंच सोडणार होतो, दोनदा. सोडतो म्हटलं की बर्नाडीनचं तोंड उतरतं. सभेच्या दिवशी ती शर्टाला इस्त्री करते, टाय काढून ठेवते, दारापर्यंत येते. तिला बिचारीला तेवढाच आनंद. मी तिच्यासाठी जातो तिथं. आपणहून सोडलं तर ती म्हणेल, डॉक खचला. हरलो तर कुणाचाच दोष नाही, खरं की नाही?"

"पण डॉक, तुम्ही तिला एकदा सरळ..."

"तिला यातलं काही सांगायचं नाही. तुला माझी शपथ आहे असं समज."

ती "हूं" म्हणाली. मग तो आत जाऊन मासे खायला बसला. बर्नाडीन त्याच्यासमोर बसून त्याच्या पावाला लोणी लावत होती.

शनिवारी आर्लीननं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले आणि मग मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं, दोघांना समोरासमोर बसव आणि सांग. तिनं दोघांनाही शब्द दिला होता, म्हणजे 'हूं' दिलं होतं, आणि तिच्या मते ते तितकंच बांधून घालणारं होतं. शिवाय सांगून तरी काय होणार, म्हणाली. एवढी वर्षं दोघं एकमेकांसाठी ते करत आले. कुणासाठीच नव्हतं, असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

निदान शाळेबद्दल तरी तिला आपलं मन पक्कं करायचं होतं. म्हणून मार्चमध्ये ती टॅमरॅकची शाळा बघायला गेली. मी गाडी चालवत होते. छताखाली दोन ठिकाणी बादल्या ठेवलेल्या. इव्हॉन रास्क नावाच्या बाई एकाच खोलीत दोन इयत्ता शिकवत होत्या आणि फार छान शिकवत होत्या. समोरच्या घरातला म्हातारा मुद्दाम रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, शाळा गेली की इथं चर्च आणि दारूचा गुत्ता एवढंच राहील, आणि चर्चलाही आता कोण येतंय? आर्लीनचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता हिला तिचं वाक्य सापडलं.

निघताना गाडीपाशी एक बाई उभी होती. केंड्रा. तिची मुलगी टिली दुसरीत होती, आणि दुसरीत ती एकटीच होती. केंड्रानं आजूबाजूला बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही शाळा वाचवणार म्हणतात सगळे. मला इथं राहायचंय म्हणून मी कुणासमोर बोलत नाही. पण बंद करा. माझी पोर मधल्या सुट्टीत भिंतीशी चेंडू खेळते. भिंतीला तिनं नाव ठेवलंय."

परत येताना आर्लीन गावाची वेस येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तिनं भिंतीला नाव काय ठेवलंय ते विचारायला हवं होतं." मी म्हटलं, त्यानं काय होणार होतं? तिलाही माहीत नव्हतं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या व्यायामशाळेत दोघा उमेदवारांना समोरासमोर बसवून प्रश्न विचारले. गर्दी मावत नव्हती. पहिल्या रांगेत बर्नाडीन. टॅमरॅकचा प्रश्न आधी डॉकला आला. त्यानं छप्पर आणि बस यांबद्दल काहीतरी पुटपुटलं, मधेच थांबला, म्हणाला की मी म्हातारा माणूस आहे, माझं फार ऐकू नका. मला स्पष्ट दिसत होतं, तो हरायच्या बेतात होता. लोकांना मात्र ते फार आवडलं. किती साधा माणूस, असं माझ्यामागं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मग आर्लीनची पाळी. ती उठली. या वेळी तोंडात पिना नव्हत्या.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

प्रश्न विचारणारे गृहस्थ थांबले. पुढं काही येईल म्हणून सगळेच थांबले.

"शाळा राहावी असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "आता तसं वाटतं की नाही, मला कळत नाही. मी निवडून आले तर पुन्हा विचार करीन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं मी तुमच्या बाजूची आहे. मी तुमचं ऐकून घेतलं, एवढंच. माझी चूक झाली असेल." आणि ती खाली बसली.

मला वाटलं, गेली. नुकसान न होता हरली, बर्नाडीनचं काम झालं. तर कोपऱ्यातून टाळ्या सुरू झाल्या आणि वाढतच गेल्या. गॉर्डी श्मिट चिडून उठून गेला, दोघी आयाही तोंड पाडून बसल्या. पण बाकीच्यांनी खरं बोलली म्हणून टाळ्या पिटल्या. दोन उमेदवार हरायला बसले होते आणि लोकांना दोघंही निवडून द्यावेसे वाटत होते.

मतदानाच्या दिवशी एप्रिल असूनही बर्फ पडला. आर्लीन मत द्यायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिनं डॉकला मत दिलं, असं तिनं मला नंतर सांगितलं. बर्नाडीनचं तोंड आठवून दिलं. मग तिला आठवलं की डॉकनं पाड म्हणून सांगितलंय, पण तोवर कागद यंत्रात सरकला होता. मी आर्लीनला दिलं. मैत्रीण आहे म्हणून दिलं. त्यात दुसरं काही शोधू नका.

आर्लीन जिंकली. फार नाही, पण जिंकली.

दुसऱ्या दिवशी डॉक दुकानात आला. भर गिऱ्हाइकात त्यानं मोठ्यानं अभिनंदन केलं, हात हातात घेतला आणि वाकून तिच्या कानात आभार मानले. त्या गुरुवारी बर्नाडीन आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कुणीतरी सांगितलं, ती आता दूर दुसऱ्या गावी जाते आणि तिथली पोरगी तिचे केस पार जाळते. आर्लीन दर गुरुवारी तिची वेळ मोकळी ठेवायची आणि तेवढा वेळ नुसती झाडत बसायची.

टॅमरॅकचा ठराव मेमध्ये आला. मंडळ टेबलाशी बसलं, आर्लीन अगदी कडेला. समोर लोकांच्या रांगा, आणि लोकांत, दाढी गुळगुळीत, टाय लावून, डॉक. शेजारी बर्नाडीन. सामान्य नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. डॉकनं हात वर केला, माइकपाशी गेला आणि म्हणाला की ही शाळा बंद करू नका.

अध्यक्षांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "डॉक, डिसेंबरात तुम्हीच बंदच्या बाजूनं मत दिलं होतं."

"दिलं होतं," डॉक म्हणाला. "तेव्हा मला सगळ्या गावाचं बघायचं होतं. आता मी टॅमरॅकच्या रस्त्यावर राहणारा एक म्हातारा आहे. सकाळी ती पोरं शाळेत जाताना मला दिसतात. मला ती दिसायला हवीत."

त्यानं तिन्ही मिनिटं वापरली, वर आणखी घेतली. त्याला इतकं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बर्नाडीन मान वर करून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

मग मतं. नावं अक्षरांच्या क्रमानं पुकारतात, त्यामुळे टॉफ्ट शेवटी. तिच्यापर्यंत आलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. जी बाई शाळा वाचवायला उभी राहिली असं अख्खं गाव समजत होतं, तिच्यावर आलं. आर्लीननं डॉककडे पाहिलं. मग मागच्या रांगेत केंड्रा होती, तिच्याकडे. केंड्रा मात्र खाली बघत होती, कुणाला कळू नये म्हणून.

"बंद," आर्लीन म्हणाली. आवाज इतका बारीक, की चिटणीसबाईंनी पुन्हा विचारलं आणि तिला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला.

टॅमरॅकचा तो म्हातारा टोपी घालून कुणाशी न बोलता निघून गेला. काही जण तिच्याशी अजून बोलत नाहीत. दुकानाच्या दाराशी एका सकाळी तिच्याच नावाच्या पाट्यांचा ढीग टाकलेला होता. आम्ही दोघींनी तो उचलून मागं नेऊन ठेवला. मी तिला विचारलं, टिलीसाठी केलंस ना? ती म्हणाली, बहुतेक. मग म्हणाली, की डॉक बोलत असताना तिला त्याचं सगळं पटत होतं, आणि पटत असतानाच ती विरुद्ध मत देणार हेही तिला ठाऊक होतं, आणि असं कसं होतं ते तिला कळत नाही.

त्यानंतर बर्नाडीन आली. वेळ न ठरवता, मंगळवारी. केस खरंच जळलेले होते. खुर्चीत बसल्यावर म्हणाली, "डॉक आता एकही सभा चुकवत नाही. तुमची चूक काढायला. मला इस्त्रीलासुद्धा हात लावू देत नाही, आपला आपण करतो." मग म्हणाली, "तुझ्यावर रागवायला मी आले होते. पण कशाबद्दल रागवायचं ते मला जमवता येत नाहीये."

"मलाही सुचत नाही," आर्लीन म्हणाली, आणि तिनं पाणी कोमट आहे का ते हातावर बघितलं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या. मंडळातल्या कुणीतरी पहिल्या दिवशी दाराशी उभं राहून नवीन पोरांचं स्वागत करायचं असतं. आर्लीन गेली. टॅमरॅकची बस आली, पोरं उतरली, सर्वांत शेवटी टिली. तिच्या नव्या वर्गातल्या मुली रांगेत उभ्या होत्या, एकीनं तर हातही पुढं केला. टिलीनं बसच्या दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि ती सोडेना. तिच्या नव्या वर्गाच्या बाईंना एकेक बोट सोडवावं लागलं.

आर्लीन दुकानात आली तेव्हा मी गॉर्डीच्या बायकोचे केस धूत होते. तिनं कोट काढला नाही, तशीच माझ्याशेजारी उभी राहिली.

"फार रडली," ती म्हणाली.

"पहिला दिवस आहे. सगळीच रडतात."

"हो. तेच असेल." मग तिनं विचारलं, "तेच आहे की दुसरं काही, हे कळायला किती दिवस लागतात गं?"

मी नळ बंद केला. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळला आणि आर्लीनच्या खांद्यावरून तिचा कोट उतरवून घेतला.